इंदूरला खरं गिगाबिट फायबर कधी? कॉलनीत नोंदणीवाले फिरून राहिलेत, पैसे भरावे का?

सुदामानगरवाला

मंडळी नमस्कार. आमच्या सुदामा नगरात रविवारी दोन पोरं आली होती, गळ्यात आयकार्ड वगैरे, म्हणे नवीन फायबर कंपनी येऊन राहिलीय, थेट घरापर्यंत फायबर, एक गिगाबिट म्हणजे १००० एमबीपीएस, अपलोड-डाउनलोड सेम, फक्त तुमच्या गल्लीतून साठ घरांची नोंदणी झाली पाहिजे आणि दर घरामागे पाचशे रुपये आगाऊ, नंतर बिलात वळते करू. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कोण आहेत ते मलाच अजून धड कळलेलं नाही. तेव्हापासून गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसता धिंगाणा, अर्धे म्हणतात आजच भरा, अर्धे म्हणतात पळून जातील, आणि समोरच्या काकू विचारतायत की यात टीव्हीचे चॅनल येतील का.

आता माझं रडगाणं. मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करतो आणि बायको ऑनलाइन गाणं शिकवते. आत्ताचं कनेक्शनसुद्धा नावाला फायबरच आहे, १०० एमबीपीएसचा प्लॅन, सकाळी ९० पर्यंत येतो आणि संध्याकाळचे सात वाजले की १५-२० वर बसतो, अपलोडचं तर विचारूच नका. तिचा तानपुरा इकडे एक बोलतो, पोरींचा आवाज तिकडून भलत्याच वेळी येतो, परवा एक शिष्या म्हणाली ताई तुमचा सा मला दोनदा ऐकू आला. तक्रार केली की एकच उत्तर, राउटर बंद करून चालू करा.

तर प्रश्न असा की पैसे भरावे का, आणि मुळात आपल्या शहरात हे गिगाबिट प्रकरण सगळीकडे येणार आहे की फक्त सुपर कॉरिडॉर आणि विजय नगरच्या उंच बिल्डिंगांपुरतं राहणार? स्वच्छतेत २०१७ पासून आपला डंका आहे, २०२५ च्या मे महिन्यात छोटीशी का होईना मेट्रोही धावली, मग नेटच्या बाबतीत आपण असे का?

बक्षीबागेतला

पाचशे रुपये भरू नका, आमच्या मामेभावाने भरले होते असल्याच कोणाकडे, पावती आहे, फायबर नाही.

आणि एक विचारू का, एक गिगाबिट घेऊन करणार काय? पिक्चर बघायला २५ पुरतं. आपल्याकडे सरकारी व्याख्येत २ एमबीपीएस मिळालं की ते ब्रॉडबँड झालं, तेही २०२३ पासून, त्याआधी ५१२ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायचे. १०० चे १०० रात्री नऊ वाजता मिळाले तरी मी सराफ्याच्या खाऊगल्लीत सगळ्यांना गराडू (तळलेला कंद) खाऊ घालीन.

रामबागची_लेक

दादा, मी मूळची रामबागची, आता कॅन्सस सिटीजवळ असते. तुमची साठ घरं आणि आगाऊ पैसे वाचून हसूच आलं, कारण हेच सगळं इथे होऊन गेलंय, आमच्या ऑफिसातले जुने लोक अजून रंगवून सांगतात.

फेब्रुवारी २०१० मध्ये गूगलने जाहीर केलं की आम्ही कुठेतरी एक गिगाबिटचं फायबर टाकून बघणार आहोत, ज्या गावाला हवं त्याने अर्ज करा. झालं, ११०० च्या आसपास गावांचे अर्ज आले. इथून तासाभरावर टोपेका म्हणून गाव आहे, त्यांनी महिनाभर गावाचं नाव बदलून 'गूगल' ठेवलं. डुलुथच्या महापौरांनी ऐन थंडीत लेक सुपीरियरमध्ये उडी मारली, सॅरासोटाचे महापौर शार्कच्या टाकीत उतरले. आपल्याकडे असती स्पर्धा तर पिपलियापाल्याच्या तलावाकाठी गर्दी आवरली नसती.

मार्च २०११ मध्ये नंबर लागला कॅन्सस सिटीचा, आधी कॅन्सस राज्यातल्या भागाचा आणि मग दोनेक महिन्यांत नदीपलीकडच्या मिसुरीतल्या मोठ्या शहराचा. लोकांना वाटलं आता आलंच. पण खांबावर तार कुठे बांधायची, विजेच्या तारांच्या पट्ट्यात की खाली टेलिफोनच्या, यावरूनच गाडं अडलं आणि पहिली घरं जोडली गेली ती थेट नोव्हेंबर २०१२ मध्ये! हे गूगलचं सांगतेय मी, ज्यांच्याकडे पैशांना तोटा नाही आणि शहर स्वतःहून पायघड्या घालत होतं तिथलं.

आता तुमच्या नोंदणीबद्दल. त्यांनी शहराचे तुकडे पाडले, दर घरामागे १० डॉलर भरून नाव नोंदवायचं आणि ज्या भागाचा ठरलेला टक्का भरेल तिथे आधी फायबर. दर होता गिगाबिटला महिना ७० डॉलर, किंवा एकदाच ३०० डॉलर भरून ५ एमबीपीएस फुकट. ऐकायला किती न्याय्य वाटतं ना, पण इथे ट्रूस्ट ॲव्हेन्यू म्हणून रस्ता आहे, त्याच्या पश्चिमेला पैसेवाले गोरे आणि पूर्वेला गरीब, बहुतेक काळे लोक, अशी जुनी फाळणीच आहे. पश्चिमेकडचे आकडे भराभर भरले आणि पूर्वेकडचे अडकले. तिथे कोणाकडे क्रेडिट कार्ड नाही, कोणाचं भाड्याचं घर, कोणाच्या घरी कंप्युटरच नाही, आणि आकडा नाही भरला तर त्या भागातल्या शाळेला आणि लायब्ररीला मिळणारं फुकट कनेक्शनही गेलं. शेवटी शिक्षक, लायब्ररीवाले, चर्चवाले दारोदार फिरले तेव्हा कुठे बरेच भाग मुदतीत आले. म्हणून म्हणते, तुमच्या गल्लीत साठ घरं भरतीलही, पण मागच्या वस्तीचं काय ते पण विचारा त्या पोरांना.

निवृत्त_टेलिफोनवाले

ताईंनी छान सांगितलं. आपल्याकडेही हे नवीन नाही बरं का. जिओने २०१८ च्या १५ ऑगस्टपासून अशीच नोंदणी घेतली होती, ११०० शहरं, ज्या वस्तीतून जास्त नावं तिथे आधी, आणि प्रत्यक्ष सुरू झालं ५ सप्टेंबर २०१९ ला, ६९९ पासून ८४९९ पर्यंतचे प्लॅन. आणि त्याच्याही फार आधी आमच्या टेलिफोन खात्यात ओवायटी (ओन युअर टेलिफोन) योजना होती, ज्यांनी ते भरलंय त्यांना आठवेल, मोठी रक्कम आधी भरा आणि रांगेत पुढे या, तरीही वाट बघावीच लागायची कारण एक्स्चेंजमध्ये जागा आणि जमिनीखाली केबल असल्याशिवाय तुमच्या पैशांना कोण विचारतो.

सुदामानगरवाले, तुम्ही आधी एक करा, नवीन कंपनीचं नंतर बघू. लॅपटॉप वायफायवरून काढा आणि लॅनच्या वायरने सरळ बॉक्सला जोडा आणि संध्याकाळी साडेसातला स्पीड बघा. मग ब्राउजरमधून त्या बॉक्सच्या पेजवर जा, तिथे ऑप्टिकल पॉवर की आरएक्स पॉवर असं काहीतरी लिहिलेलं असतं, उणे आकडा असतो. उणे १५ ते उणे २५ मध्ये असेल तर तार उत्तम आहे, उणे २७ च्या पलीकडे गेला असेल तर कुठेतरी जॉइंट खराब किंवा तार करकचून वाकलीय. दोन्ही आकडे इथे टाका, मग बोलू.

आणि एक गैरसमज दूर करतो. घरात काचेची तार आली म्हणजे ती पूर्ण तुमची एकट्याची नसते. गल्लीच्या तोंडाशी स्प्लिटर असतो, एका तंतूवर ३२ नाहीतर ६४ घरं. आपल्याकडे जीपॉन नावाचं जे तंत्र सर्रास आहे त्यात त्या सगळ्यांत मिळून खाली येणारे अडीच गिगाबिट आणि वर जाणारे सव्वा. म्हणजे ती पोरं अपलोड-डाउनलोड सेम म्हणतायत तर त्यांना विचारा की तुमचं जीपॉन आहे की एक्सजीएस-पॉन, दुसऱ्यात दोन्हीकडे १० गिगाबिट असतात. तोंडाकडे बघत राहिले तर समजून घ्या.

मल्हारगंज_केबल

भिया राम सगळ्यांना. मी बारका ऑपरेटर आहे, आधी टीव्हीची केबल होती आता एका मोठ्या कंपनीचं नेट विकतो, सगळे आम्हालाच शिव्या घालतात म्हणून आमची पण बाजू ऐका.

माझी सगळी तार खांबांवरून आहे. संक्रांतीला मांजा अडकून खेचतात, कोणाचं घर बांधायचं असलं की मचाण बांधणारा सरळ पकडीने कापून टाकतो, खारी आणि उंदीर तर रोजचेच. रंगपंचमीच्या गेरआधी, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीआधी, राजवाड्याच्या बाजूच्या तारा वर ओढून बांधायच्या, कारण टँकरवरून पाण्याचा मारा तीन मजले वर जातो. आणि अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या म्हणजे देखावे निघतात त्या रात्री तर झोपच नाही, एक पोरगा बांबू घेऊन तारा उचलतो आणि दुसरा तार जोडायचं स्प्लायसिंग मशीन मांडीवर घेऊन ओट्यावर बसलेला असतो, कारण कितीही उचला एखादं कमळ नाहीतर हनुमानाची गदा तार घेऊन जातेच. तुटली की दोन्ही टोकं सोलायची, स्पिरिटने पुसायची, केसाएवढा काचेचा तंतू असतो तो क्लीवरने बरोबर सरळ कापायचा, मशीनमध्ये ठेवायचा, ठिणगी पडते, जोड बसतो, वर स्लीव्ह गरम करायची. हात थरथरला की परत पहिल्यापासून. आणि तेवढ्यात फोन येत असतो भाऊ आमची मॅच चालू आहे.

जमिनीखालून टाका म्हणाल तर बारक्या माणसाने रस्ता खोदायची परवानगी कशी काढायची आणि रस्ता परत नीट करायचे रिस्टोरेशनचे पैसे कुठून भरायचे? मोठ्या कंपन्या ड्रिलिंग मशीनने रस्त्याखालून आडवं भोक पाडून जातात, त्यात कधी कधी नर्मदेच्या पाण्याची लाइन फुटते, मग सगळी कॉलनी पाण्याविना. आणि आमची तार कोण कापतं तर जेसीबी. खोदण्याआधी ॲपवर कळवा म्हणून सरकारने २०२३ मध्ये कॉल बिफोर यू डिग काढलं, पण आमच्या गल्लीतल्या जेसीबीवाल्याला ते माहीत असेल तर मिशी काढून देईन.

सुदामानगरवाला

काका, केलं तुम्ही सांगितलं तसं. आरएक्स पॉवर दाखवतंय उणे १९ आणि काहीतरी. वायर लावून संध्याकाळी पावणेआठला डाउनलोड २२, रात्री एकला ९४. म्हणजे काय समजायचं?

निवृत्त_टेलिफोनवाले

म्हणजे तुमच्या घरापर्यंतची तार झकास आहे. वायफायचा दोष नाही, स्प्लिटरचा नाही. गडबड वर आहे, तुमच्या ऑपरेटरच्या ऑफिसातून पुढे जो लिंक जातो तो संध्याकाळी भरून वाहतोय. आपल्या नर्मदेच्या पाण्यासारखंच आहे हे, घरात कितीही मोठा पाइप टाका, टाकीत वरून येणारंच कमी असलं तर शेवटच्या घरी गुळण्या करायला पण मिळत नाही. अशा ठिकाणी एक गिगाबिटचा प्लॅन घेऊन काय होईल? रात्री एकला ९०० दिसेल आणि संध्याकाळी परत २२.

मल्हारगंज_केबल

काका आता तुम्ही दुखत्या जागी बोट ठेवलं. तुमच्याकडे कोण आहे मला माहीत नाही पण धंद्यात हे चालतं, वरून एक गिगाचा लिंक घ्यायचा आणि खाली १०० चे प्लॅन तीनशे घरांना विकायचे. दिवसभर निभतं कारण सगळे एकदम वापरत नाहीत, सात ते अकरा उघडं पडतं. थोडं वाटून देणं सगळेच करतात हो, त्याशिवाय चारशे-पाचशे रुपयांत कोणाला परवडणार, वर १८ टक्के जीएसटी. पण किती वाटायचं त्याला काही लाज पाहिजे. नवीन पोरांना हेच विचारा, साठ घरांच्या मागे वरून किती घेणार. खरं उत्तर देणार नाहीत पण चेहऱ्यावर कळेल.

बक्षीबागेतला

म्हणजे माझे गराडू वाचले 😄

पण मग सगळी आशा कंपनीवरच ठेवायची का? निगमने म्हणजे महापालिकेने काही करायचंच नाही का यात? स्मार्ट सिटी म्हणून इतके रस्ते फोडले-बांधले, बीआरटीएस म्हणजे बसचा वेगळा मार्ग बांधला, २०१३ मध्ये सुरू केला आणि आता कोर्टाने काढायला सांगितला, प्रत्येक वेळी खोदकाम, आणि प्रत्येक वेळी तारा पुन्हा वरच.

रामबागची_लेक

भाऊ बरोबर बोललात. टेनेसीत चॅटनूगा म्हणून गाव आहे, इंदूरच्या मानाने चिमुकलंच. तिथली वीज कंपनी गावाच्या मालकीची आहे, त्यांनी विजेची यंत्रणा सुधारायची म्हणून फायबर टाकलं, त्याला केंद्राचं ११ कोटी डॉलरच्या वर अनुदान मिळालं, आणि २०१० मध्ये, म्हणजे गूगल अजून गावं निवडत होतं तेव्हा, यांनी सगळ्या गावाला एक गिगाबिट देऊन टाकलं. कोणी कुठे उडी मारली नाही. पुढे आजूबाजूच्या खेड्यांनी मागितलं तेव्हा मात्र राज्याच्या कायद्याने अडवलं, वीज देता तेवढ्याच हद्दीत नेट विका म्हणे, मोठ्या कंपन्या मागे होत्याच.

आणि दुसरी बाजू पण सांगते. लुईव्हिलमध्ये गूगलने खर्च वाचवायला रस्त्यात बोटभर खोल चीर पाडून त्यात फायबर घातलं, वरचं भराव रस्त्यावर निघून लोंबायला लागलं, शेवटी २०१९ च्या एप्रिलमध्ये दुकानच बंद करून गेले आणि रस्ते नीट करायला शहराला ३८ लाख डॉलर मोजले. त्याआधी २०१६ मध्ये तर नवीन शहरं घेणंच थांबवलं होतं, कितीतरी गावं तयारी करून बसली होती ती तशीच राहिली. एक फायदा मात्र सगळे मानतात, ऑस्टिनमध्ये गूगल येणार हे जाहीर झालं त्याच दिवशी तिथल्या जुन्या कंपनीने म्हणजे एटी अँड टीने आम्ही पण गिगाबिट देतो म्हणून सांगितलं. इतकी वर्षं कुठे होते कोण जाणे. तेव्हा तुमच्या गल्लीत दुसरी कंपनी नुसती आली तरी पहिलीचा २२ चा ६० होऊ शकतो.

निवृत्त_टेलिफोनवाले

निगमकडून काय मागायचं ते नीट ठरवून मागा. फुकट वायफाय वगैरे मागू नका, चौकात एक डबा लावतील आणि फोटो काढतील. मागायचा तो पाइप. रिकामा पाइप. ड्रेनेजसाठी, गॅससाठी, नर्मदेसाठी रस्ता उघडला की त्यातच कडेला ४० एमएमचा एचडीपीई पाइप टाकून ठेवायचा, गल्लीच्या टोकांना चेंबर करायचं, तोंडं बंद करायची, आणि ज्याला फायबर न्यायचंय त्याने भाडं भरून त्यातून न्यावं. मग मल्हारगंजवाल्यांसारखा बारका माणूसही आत येऊ शकतो आणि मोठ्यालाही परत खोदावं लागत नाही. आम्ही लांबच्या रूटला १.६५ मीटर खोल टाकायचो, गल्लीत तेवढं नको, पण गाडी गेल्यावर चेपणार नाही इतकं तरी हवं. केंद्राचे राइट ऑफ वे चे, म्हणजे तारेसाठी रस्ता-जागा वापरायचे, नवीन नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत, त्यात सगळ्यांनी मिळून वापरायच्या डक्टचा म्हणजे अशाच पाइपचा विचार आहे. खरा खर्च काचेचा नाहीच, तंतू स्वस्त आहे. खर्च खोदण्याचा, परत डांबर करण्याचा आणि परवानगीसाठी हेलपाटे मारण्याचा.

तुमच्याकडे सध्या काही खोदकाम चालू आहे का?

सुदामानगरवाला

आहे ना! आमच्या मागच्या गल्लीत ड्रेनेजची लाइन चालू आहे, अर्धी भरून झाली, आमची गल्ली पुढच्या आठवड्यात म्हणे. काल ते खडूने खुणा मारून गेले.

तर ग्रुपवर असं टाकतोय: कोणी पाचशे देऊ नका, त्या पोरांना सांगा आधी तार लावा, एका संध्याकाळी आमच्या घरी वायर जोडून स्पीड दाखवा, मग पैसे, आणि जीपॉन का एक्सजीएस ते लिहून द्या. त्यांना फोन केला होता, साहेबांना विचारून सांगतो म्हणाले. आणि साठ सह्या झाल्याच आहेत तर त्या पाइपच्या अर्जाला लावतो, मागच्या वस्तीतल्या लोकांच्याही घेतो. बायकोने एक डोकं चालवलं ते पण सांगतो, तिने अमेरिकेतल्या पोरींचा क्लास सकाळी सहाला घेतला, त्यांची संध्याकाळ असते आणि इकडे नेट मोकळं. तोपर्यंत हेच.

गुरुवारी झोन ऑफिसला जाऊन राहिलोय अकरा वाजता, कोणी येणार का सोबत? काका तुम्ही आलात तर इंजिनियरशी बोलायला बरं पडेल, आम्हाला ते म्हणतील बजेटमध्ये नाही आणि आम्ही चहा पिऊन परत येऊ.

निवृत्त_टेलिफोनवाले

येतो. अर्जात गल्लीची लांबी पावलांनी नाही टेपने मोजून लिहा, आणि ठेकेदाराला आधीच भेटून ठेवा, तो भरून मोकळा झाला तर अर्ज फ्रेम करून लावायच्या कामाचा.

मल्हारगंज_केबल

मी पण येतो, पाइपचा तुकडा आणि भाव घेऊन येतो म्हणजे बजेट-बजेट करणार नाहीत. पण एक अट, पाइप निगमच्या नावावर आणि सगळ्यांना सारख्या भाड्याने. एकाच मोठ्या कंपनीला आंदण देणार असतील तर मी त्या अर्जावर सही करणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

रामबागची_लेक

ही अट अर्जातच लिहा दादा, तोंडी नको. काय झालं ते कळवा इथे.